शंखापासून शंखापर्यंत

पहिला शंख वाजला तेव्हा सिलिपाच्या हातात ओला टॉवेल होता आणि ज्याचं तोंड पुसायचं तो एलिया जागेवर नव्हता.

आत्ता तर इथेच होता. खांबाला मिठी मारून गोल गोल फिरत होता. ती टॉवेल पिळायला वळली, एवढंच. या घराला नुसते खांब आणि वर छप्पर; तीन वर्षांच्या पोराला चारी दिशा मोकळ्या. सिडनीच्या फ्लॅटला तिने दोन कड्या लावून घेतल्या होत्या. इथे आल्यापासून तिला धड झोप नव्हती.

"एलिया! ए एलिया!"

तोआसामावशी चटई झटकत होत्या. सिडनीहून आलेल्या पाहुण्यांपैकी सिलिपाचं बिऱ्हाड त्यांच्याकडे उतरलं होतं. "ये, बस बाई. दुसरा शंख होईल आता."

"मावशी, एलिया दिसत नाही."

"असेल कुठेतरी. जातोय कुठे?" मावशी हसल्या. "तुम्ही सिडनीवाल्या पोरांना दोरीने बांधून ठेवता का गं?"

मावशींच्या नाती तोंडावर हात ठेवून खिदळल्या. सिलिपाला हसू आलं नाही. ती घराला वळसा घालून आली. चुलीमागे नाही, केळीत नाही, डुकरांच्या कुंपणाशी नाही.

सिडनीच्या त्यांच्या चर्चची मंडळी सवाईई बेटावरच्या या गावात सेवेला आली होती. पुरुषांनी देवळाचं छप्पर रंगवायचं, बायकांनी म्हाताऱ्यांना चष्मे वाटायचे, मुलांची बायबलशाळा घ्यायची. मुलं सिलिपाकडे होती. तिचा नवरा पेनी या वेळी छपरावरून उतरून पाळकांच्या घरी अडकला असणार, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्याच संध्याकाळी मंडळीच्या म्होरक्याने सगळ्यांना बजावलं होतं, "प्रार्थनेच्या वेळेला इथे 'सा' म्हणतात. दुसरा शंख झाला की असाल तिथे बसायचं. तिसऱ्या शंखापर्यंत रस्त्यावर पाऊल नाही. आणि ध्यानात ठेवा, आपली चूक आपल्या अंगावर येत नाही, ज्याच्या घरी उतरलोय त्याच्या अंगावर येते."

दुसरा शंख वाजला.

गावात पान हलेना. कुत्रीसुद्धा गप्प झाली. मग एकेका घरातून गाणं उठलं. मावशींचा आवाज खणखणीत होता. त्यांचे यजमान, गावच्या पंचांतले एक, डोळे मिटून खर्जात गात होते. सिलिपा बसली. ओठ हलवले. कान मात्र सगळे बाहेर.

समुद्र ऐकू येत होता.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिच्या मनाने सरळ तळं गाठलं. देवळाखाली, समुद्राला लागून, काळ्या दगडांनी बांधलेलं गोड्या पाण्याचं तळं. कालच एलियाने त्यात आपली लाल चप्पल भिरकावली होती आणि टाळ्या पिटल्या होत्या. चप्पल सापडली नव्हती. आज सकाळपासून तो "माझी चप्पल, माझी चप्पल" करत होता. आणि ती म्हणाली होती, उद्या बघू हं.

तो बघायला गेला असेल तर?

एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. केवढी ही कडवी! बुडणाऱ्या पोराला किती वेळ लागतो? कुठेतरी वाचलं होतं तिने. वाचायला नको होतं. पोरं बुडताना ओरडत नाहीत, असंही त्यात लिहिलेलं होतं.

ती उठली.

मावशींनी गाता गाताच तिच्या लुंगीचं टोक धरलं. "बस," त्या पुटपुटल्या. डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. त्यांच्या यजमानांनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांचा आवाज खाली आला. सिलिपाने टोक सोडवून घेतलं आणि धावत सुटली.

रस्ता ओस होता. दोन्ही बाजूंना घरं उघडी, दिवे लागलेले, माणसं मांडी घालून बसलेली. सगळ्यांसमोरून ती धावली, केस सुटलेले, एक पाय अनवाणी. गाणं कुणी थांबवलं नाही. पण ती एकेक घर ओलांडे तसतसा तिथला सूर दबत होता, हे तिला कळत होतं. दर घरात पोरं होती. त्या काळ्याभोर डोक्यांमधून तिची नजर एलियाला हुडकत होती, पण पाय थांबत नव्हते. पाय तळ्याकडे निघाले होते.

तळ्याच्या पाण्यावर आभाळाचा शेवटचा उजेड होता. पलीकडच्या कडेला, दगडाच्या फटीशी, लाल काहीतरी हलत होतं.

ती कपड्यांसकट पाण्यात उतरली. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. हात पुढे करून तिने ते लाल पकडलं. चप्पल. इवलीशी. कालचीच, कालचीच असणार. आज त्याच्या पायात चप्पल नव्हतीच. पण तो चपलेमागे पाण्यात उतरला असेल तर? ती बुडी मारून हाताने तळ चाचपू लागली. दगड. शेवाळ. दगड. काहीतरी मऊ लागलं. ओढून वर काढलं तर फाटका पंचा.

"देवा, देवा, देवा." दुसरा शब्द सुचेना.

वर काठावर कुणीतरी येऊन उभं राहिलं. हातात काठी, गळ्यात फुलांची माळ. सा पाळली जाते की नाही हे बघणारा राखणदार. चांगला दांडगा तरुण. आता ओरडणार, असं तिला वाटलं. तो ओरडला नाही. बोलायची त्यालाही मुभा नव्हती. त्याने चप्पल पाहिली, तिचा चेहरा पाहिला आणि भुवया उंचावून हनुवटीने रस्त्यापलीकडचं घर दाखवलं.

त्या घरात एक लठ्ठ बाई प्रार्थनेला बसली होती. तिच्या मांडीवर, तिच्या चार पोरांच्या गराड्यात, एलिया. तोंडाला नारळाचं दूध, डोळे अर्धे मिटलेले.

सिलिपा घराच्या कडेशी थिजून उभी राहिली. अंगावरून पाणी निथळत होतं. बाईने एक डोळा उघडला, तिला पाहिलं आणि शेजारची चटई थोपटली. सिलिपा बसली. तिने एलियाचा पाय घट्ट धरला. तो कोरडा होता, उबदार होता.

तिसरा शंख झाला.

"ओढू नकोस, झोपलंय पोर," बाई म्हणाली. मग मोठ्याने हसली. "दुसऱ्या शंखाला आमच्या दारात होता. मग आमचाच की तो! नारळाचं दूध प्यायलाय बरं. माझ्या थोरल्यापेक्षा जास्त हाणलं त्याने."

एक लहान मुलगी पुढे सरकली. सकाळीच सिलिपाने शाळेत हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली होती, नव्याण्णव सोडून एकाला शोधायला गेलेल्या मेंढपाळाची. तेव्हा हीच मुलगी म्हणाली होती, शेजारच्या गोठ्यात का नाही बघितलं त्याने आधी?

"बाई," मुलगी म्हणाली, "तुम्ही भिजलात."

दुसऱ्या दिवशी मावशींचे यजमान पंचांपुढे जाऊन बसले. तिच्या वतीने मान खाली घालून. दंड म्हणून माशांच्या डब्यांचं खोकं गेलं त्यांच्या घरातून. सिलिपाने माफी मागितली तेव्हा म्हातारे एवढंच म्हणाले, "पोरीची जात, आईचं काळीज." मावशींनी मात्र सोडलं नाही. "चाळीस वर्षांत या घराने सा मोडली नव्हती. आता माझ्या मयतीलासुद्धा लोक हेच काढतील, ती सिडनीवाली कशी पळाली ते!" त्या हसत होत्या, पण पुरत्या हसत नव्हत्या. पेनीने तिला एकटीला गाठून विचारलं, "आणि उद्या परत असंच झालं तर?"

संध्याकाळी पहिला शंख वाजला. सिलिपाने खांबांमधून पाहिलं. एलिया चुलीमागे नाही. केळीत नाही.

मावशींनी चटई झटकली आणि तिच्याकडे पाहिलं.

दुसरा शंख वाजला. सिलिपा बसली. गाणं उठलं. चटईची कड दोन्ही मुठींत आवळून ती समुद्र ऐकत राहिली. मावशींनी गाता गाताच तिच्या मुठीवर आपला खरखरीत हात ठेवला आणि जोर देऊन दाबून धरला.

गाणं संपलं, प्रार्थना सुरू झाली. तिसरा शंख अजून व्हायचा होता.