खुंट्याची गाठ

बुजगावणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हाताऱ्याचं मत असं पडलं, की कोणीतरी मूर्ख माणूस आपल्या सूर्यफुलात घुसलाय. एक खांदा खाली, पोट पुढं, मान अशी ताठ की जणू शेत याच्या बापाचं. म्हातारा बांधावरचा दगड उचलून निघाला. जवळ गेल्यावर त्याला कोट ओळखू आला. तो त्याचाच होता. मग टोपी ओळखू आली. मग, जरा उशिरानं, खांदाही.

खाली त्याचाच पोरगा बसला होता. बुजगावण्याच्या पायाशी माती दाबत होता.

"हे काय?"

"बुजगावणं."

"ते दिसतंय मला. कोण आहे?"

"कोणी नाही आबा. बुजगावणं आहे."

"कोट माझा आहे."

"फाटला होता. आईनं दिला."

"अन् खांदा? साऱ्या रानात तुला एक सरळ काठी मिळाली नाही?"

"मिळाली होती," पोरगा माती दाबत म्हणाला. "पण पाखरं भ्यायली नाहीत. ही वाकडी लावली तेव्हा पोपटांचा अख्खा थवा उडाला. तुम्हाला भितात ती."

हे कौतुक होतं की टोमणा, यावर म्हातारा संध्याकाळपर्यंत विचार करत होता. शेवटी टोमणाच ठरला. पोरानं आजवर त्याचं कधी कौतुक केलं नव्हतं, त्यानं पोराचं केलं नव्हतं. घरात ती वस्तूच नव्हती, तर मधेच कुठून येणार.

गावात म्हाताऱ्याला खुंटा म्हणत. त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे त्याची गाठ. त्यानं बांधलेलं दावं दुसऱ्याला सुटत नसे. एकदा म्हैस विकली, तर घेणाऱ्यानं दुपारपर्यंत नखं मोडून घेतली आणि शेवटी म्हैस, दावं आणि जमिनीतला खुंटा असं सगळं उपटून नेलं. म्हातारा शेजारी बसून बघत होता. सोडून दे म्हणालं असतं कोणी तर त्यानं सोडून दिलं असतं. पण कोणी म्हणालं नाही, आणि आपण होऊन काही करायचा त्याचा स्वभाव नव्हता.

दुसरं कारण म्हणजे राग. राग आला की हा माणूस भांडत नसे. शेताच्या मधोमध जायचा, घराकडं पाठ करायचा आणि उभा राहायचा. हाका मारा, पाया पडा, शेजाऱ्याचं छप्पर पेटू दे, हा हूं की चूं करत नसे. त्याच्या बायकोनं संसाराची निम्मी वर्षं त्या पाठीशी बोलून काढली होती. तिचं म्हणणं, तोंडापेक्षा पाठ समजूतदार आहे.

त्यामुळं बुजगावण्यानं गावात थोडा घोळ घातला. न्हावी बांधावरून चालला होता, त्यानं थांबून बराच वेळ गप्पा मारल्या. पावसाचं सांगितलं, मेव्हण्याची चहाडी केली, आणि पारावर येऊन म्हणाला, "आज खुंटा अगदी माणसात होता. मधे बोलला नाही, चूक काढली नाही. म्हातारपणी शहाणपण येतं बघा."

हे म्हाताऱ्याच्या कानावर आलं. तेव्हापासून तो न्हाव्याकडं गेला नाही. दाढी वाढली, आणि बुजगावणंच दोघांत टापटीप दिसायला लागलं.

खरं भांडण मात्र वेगळंच होतं. पोराला शहरात काम लागलं होतं. मोठ्या गोदामावर राखणदार. सूर्यफूल निघालं की जायचं, असं त्यानं आईला सांगितलं, आणि म्हातारा तिथंच बसलेला असल्यानं त्यालाही कळलं. जाताना घालायला पोरानं एक जाकीट आणलं होतं. काळं, चकचकीत, जागोजाग साखळ्या. ते खुंटीला टांगलेलं असायचं आणि पोरगा रोज त्याच्यावरची धूळ पुसायचा. एवढ्या मायेनं त्यानं कधी बैलाच्या पाठीवर हात फिरवला नव्हता.

"राखणदार म्हणजे काय करतात तिथं?" म्हाताऱ्यानं बायकोला विचारलं. पोरगा समोरच चहा पीत होता.

"तूच सांग रे."

"दारात उभं राहायचं," पोरगा आईला म्हणाला. "कोण येतं, कोण जातं, बघायचं."

"काही करायचं नाही?"

"उभं राहायचं. चोर भितात."

"म्हणजे बुजगावणं," म्हातारा म्हणाला. "मग इथल्यानं काय पाप केलंय? त्यालाच पाठवा. त्याला जेवण लागत नाही, जाकीट लागत नाही."

"त्याला निदान कोणी सारखं शिकवत तरी नाही."

"शिकवून उपयोग असता तर त्यालाही शिकवलं असतं."

पोरानं कप खाली ठेवला. आईनं तो उचलला, कारण घरात तो एकच धड कप होता आणि पुढं काय होणार ते तिला माहीत होतं. पण झालं काहीच नाही. म्हातारा उठला आणि शेताकडं निघाला. चालण्यावरून कळत होतं की आज पाठ लांबणार.

दुपार टळून गेली तरी तो तिथंच उभा होता. बुजगावण्यापासून थोड्या अंतरावर, ते बघत होतं त्याच दिशेला तोंड करून. वरून पाहणाऱ्या पोपटांना ते बहुधा फारच झालं असावं, कारण त्या दिवशी एकही उतरला नाही. मग आभाळ भरून आलं. शेताच्या टोकाकडून काळपट पिवळा उजेड सरकत आला, वारा एकदम पडला, आणि ओल्या मातीच्या वासामागोमाग पहिली गार सूर्यफुलाच्या पानावर टपकन वाजली. दुसरी म्हाताऱ्याच्या टाळूवर वाजली.

म्हातारा हट्टी होता, पण गारांपुढं हट्ट करण्याइतका बिनडोक नव्हता. फक्त ही गोष्ट त्यानं घरच्यांना कधी कळू दिली नव्हती. तो चटकन जवळच्या राखणीच्या खोपटात शिरला, पोत्यावर बसला आणि फटीतून पिकाकडं बघत राहिला. फुलं एकेक करून माना टाकत होती. म्हातारा प्रत्येक वेळी एकेक शिवी देत होता, गारेला की फुलाला ते त्याचं त्याला माहीत.

तेवढ्यात बांधावरून पोरगा पळत आला. अंगात ते जाकीट, डोक्यावर पाटी उलटी धरलेली. उजेड मंदावला होता आणि गारांच्या पडद्यातून माणसाचा नुसता आकार कळत होता. पोरगा थेट बुजगावण्यामागं जाऊन थांबला. त्याच्या पाठीमागं. अदबीनं, थोडा लांब.

"आबा, घरी चला."

बुजगावणं काही बोललं नाही. पोराला त्यात काही नवल वाटलं नाही. उलट, हा आबाच याची त्याला आता खात्रीच पटली.

"आई जीव टाकतीय तिकडं. डोक्यात गार बसेल. बसू दे म्हणा, आत मोडण्यासारखं काय आहे. पण चला."

खोपटात म्हातारा उठून उभा राहिला. बाहेर जाऊन या गाढवाच्या एक ठेवून द्यावी, असं त्याच्या मनात आलं.

"बरं, माझं चुकलं," पोरगा ओरडून म्हणाला. गारांचा आवाज फार होता. मग थोडा थांबून म्हणाला, "नाही, माझं नाही चुकलं. तुमचं चुकलं. पण चला. घरी जाऊन ठरवू."

पाटीवर ताशा वाजत होता. बुजगावण्याचा खाली गेलेला खांदा पाण्यानं आणखी खाली गेला. पोराला वाटलं बाप खचला.

"मी काय हौसेनं चाललोय का? इथं राहून करू काय? खुरपं धरलं की हातातून काढून घेता. औत धरलं की काढून घेता. म्हणता असं नाही, असं. मग मी बघत उभा राहतो. उभंच राहायचं तर तिकडं निदान पगार देतात." त्यानं निसटती पाटी सावरली. "राहा म्हणा की. एकदा म्हणून तर बघा. नाही राहिलो तर थुंका माझ्या तोंडावर."

म्हाताऱ्याचा हात खोपटाच्या ताटीवर होता. ताटी ढकलायची होती फक्त. पण बाहेर पडलो तर एवढं सगळं ऐकलं हे कबूल करायला लागणार, आणि पोराला कळणार की तो गवताच्या भाऱ्याशी बोलत होता. पोरगा त्यानंतर जन्मात तोंड उघडणार नाही. आणि आणखी एक गोष्ट होती. एवढं सलग त्याच्याशी कोणी कधी बोललंच नव्हतं. भले तोंड दुसऱ्याकडं असेल.

"चल ना रे आबा," पोरगा म्हणाला. तो लहान असताना बापाला तू म्हणायचा. शाळेत घातल्यावर ते सुटलं होतं. "मरशील इथं. मग मी कोणाशी भांडू?"

बुजगावणं ढिम्म. पोरानं एक घाण शिवी हासडली, जी बापाला देणं शोभत नाही आणि बुजगावण्याला देण्यात अर्थ नाही. मग त्यानं अंगातलं जाकीट काढलं. बापाच्या अंगाला हात लावायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून लांबूनच, घोंगावत्या माशीवर फडकं टाकावं तसं, त्यानं ते बुजगावण्याच्या डोक्याखांद्यावर भिरकावलं आणि पाटी धरून घराकडं पळत सुटला.

गारा थांबल्यावर म्हातारा घरी आला. पोरगा दारातच होता, ओला चिंब, दात वाजत होते. त्यानं बापाकडं पाहिलं. बापाच्या अंगावर जाकीट नव्हतं. आणि बापाचं डोकं कोरडं होतं.

"कुठं गेला होतास भिजत?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"म्हैस बघायला."

"म्हैस गोठ्यात आहे."

"तेच बघितलं."

पोराचे कान लाल झाले. म्हातारा आत गेला. बायकोनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि चुलीत लाकूड सारलं. या दोघांना मिळून देवानं अर्धी अक्कल दिली होती, आणि तीही आज कुठंतरी सांडून आले होते, एवढं तिला कळलं.

त्यानंतर गारांनी जे ठेवलं होतं ते काढून झालं. शेतात नुसते बुडखे उरले आणि मधोमध ते बुजगावणं, काळं चकचकीत जाकीट घालून. राखायला काही नव्हतं तरी उभं होतं. पोरगा ते जाकीट उतरवायला जाऊ शकत नव्हता, कारण मग ते तिथं कसं गेलं हे आलंच. म्हातारा आणून देऊ शकत नव्हता, कारण मग त्याला कसं कळलं हे आलंच. येणारे जाणारे मात्र बघून जात. न्हाव्यानं पारावर सांगितलं, की खुंट्यानं आता नटायला सुरुवात केली.

जायच्या दिवशी सकाळी पोरानं पिशवी उचलली. हवेत गारठा होता.

"जाकीट कुठाय?" आईनं विचारलं.

"धुवायला टाकलंय."

"कुणाकडं?"

पोरगा पिशवीचा बंद आवळायला लागला. म्हातारा घरात नव्हता. तो झुंजुमुंजू असतानाच एक दोर घेऊन शेतावर गेला होता.

"बिनजाकिटाचा जाऊन दारात उभा राहणार? चोरच तुझ्या अंगावर पांघरूण घालतील," आई म्हणाली. "जा, घेऊन ये. गाडी शेतावरूनच जाते, तिथूनच चढ."

पोरगा शेतात आला. म्हातारा बुजगावण्याच्या सावलीत बसून विळ्याला धार लावत होता. पोरगा पुढं गेला आणि थांबला.

जाकिटात गच्च पेंढा भरलेला होता. बाह्या मागं नेऊन बांधलेल्या. कॉलर बांबूला बांधलेली. साखळ्या शिवून टाकल्यासारख्या दोरानं आवळलेल्या, आणि जागोजाग ती गाठ. म्हशीसकट खुंटा न्यायला लावणारी.

"हे कोणी केलं?"

"वारा फार सुटतो," म्हातारा विळ्याकडं बघत म्हणाला. "उडून गेलं असतं. चांगलं आहे. कोणाचं आहे कोण जाणे."

पोरगा खाली बसला आणि पहिली गाठ सोडवायला लागला. नख लावलं, दात लावले, थुंकी लावली. लांबून गाडीचा भोंगा वाजला. पोरानं मान वळवून रस्त्याकडं पाहिलं, मग गाठीकडं. गाडी शेताच्या कडेनं आली, थोडी हळू झाली, चढायला कोणी दिसलं नाही, तशी धूळ उडवत निघून गेली.

"असं नाही," म्हातारा म्हणाला. "असं—"

आणि तिथंच त्यानं तोंड मिटलं. सवयीनं पुढं झालेला हात त्यानं मागं घेतला, मांडीखाली दाबून ठेवला, आणि दुसरीकडं बघत म्हणाला, "कर. तुझं तू कर."

पोरगा गाठीशी झटत राहिला. "उद्याच्या गाडीपर्यंत सुटेल का?"

"परवाच्यापर्यंत सुटेल बहुतेक. कोरडा दोर आहे. ओला असता तर आणखी घट्ट झाला असता." म्हाताऱ्यानं आभाळाकडं पाहिलं. "बघू. पाऊस येईलसं वाटतंय."

आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं.

विळा दोघांच्या मधे पडला होता, धार लावून तयार, एका फटक्यात दोर तुटेल असा. तो मागायचं पोराला सुचलं नाही, आणि म्हाताऱ्याला द्यायचं. तसे दोघेही पहिल्यापासून मंदच.