वाडीने न ऐकलेला ढोल

मित्रांनो, मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत खुंटीला टांगलेला जुना ढोल तो मीच. मला भित्रा म्हटलं तर तुम्ही हसाल. पण आतून पोकळ असलेल्याच्या पोटात भीती पटकन शिरते.

देवूच्या बापाने आंब्याच्या खोडातून मला कोरलं आणि बकऱ्याचं कातडं चढवलं. कातडं सैल पडलं की तो मला आगटीपाशी शेकवायचा. मला कामं दोनच होती. जत्रेत वाजायचं आणि डोंगराला वणवा लागला की वाजायचं. वणव्याचा ढोल ऐकला की माणसं आग झोडपायला हिरव्या डहाळ्या घेऊन धावत. तेव्हा माझं केवढं कौतुक होई!

बाप गेला आणि मी देवूकडे आलो. तो तर माझ्याहून भित्रा! सुकलं पान वाजलं तरी घोंगडीत शिरायचा. हैबतराव हे वाडीतलं बडं प्रस्थ. ते समोरून आले की देवू रान तुडवत लांबून जायचा.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. पौडच्या बाजाराला येणाऱ्या एका ख्रिस्ती मास्तरांच्या संगतीने देवू आणि त्याची बायको भिमाबाई येशूची भक्ती करू लागले. रोज सकाळी देवू गुडघे टेकून देवाची स्तुती करायचा, मग वाडीतल्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं मागायचा. हैबतरावांचं नाव आलं की त्याचा आवाज कापायचा. तरी ते नाव त्याने कधी गाळलं नाही.

एका रविवारी त्याला वाटलं, उपासनेला ढोल हवा. त्याने मला हौसेने बडवलं आणि घात झाला. सगळी वाडी डहाळ्या घेऊन धावत आली. बघते तर काय, वणवा नाहीच, नवरा-बायको गात बसलेली!

हैबतराव लालबुंद झाले. "पुन्यांदा ह्यो ढोल भक्तीला वाजला तर कोयत्यानं फाडीन, आन् तुला वाडीभायेर काडीन!"

"चुकलं, आण्णा," देवू पुटपुटला. त्यानंतर उपासना टाळ्यांवर चालली. मी मात्र खुंटीवर जीव मुठीत धरून राहिलो.

चैत्रात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात. तसाच कुणाचा तरी राब वाऱ्याने भडकला. तोही नेमका रविवारी सकाळी. देवूचं घर वर टेकाडावर, म्हणून त्याला दिसलं. आग करवंदीच्या जाळ्या खात हैबतरावांच्या घरामागे उतरत होती. खाली कुणाला पत्ता नव्हता, आणि त्या घरात त्यांची सून सगुणाबाई बाळंतीण होती.

देवूने मला काढून बडवलं. एक माणूस हललं नाही. खालून कुणीतरी ओरडलं, "देवूची भक्ती सुरू झाली बगा!"

भिमाबाईने त्याचा हात धरला. "नगा जाऊ, धनी. आण्णा जित्तं सोडायचं न्हाईत."

"भ्या मला बी वाटतंय," असं म्हणत त्याने मला गळ्यात अडकवलं आणि बडवत उतारावरून धावत सुटला. त्याच्या छातीची धडधड मला माझ्यावर पडणाऱ्या टिपरापेक्षा जोरात ऐकू येत होती.

"आण्णा, वणवा!" तो अंगणात ओरडला, पण माझ्याच आवाजात त्याचा आवाज बुडाला. हैबतराव कोयता घेऊनच बाहेर आले. आता माझे दिवस भरले, असं मला वाटलं. एकच घाव बसला आणि कातडं टरकन फाटलं. मी गप्प झालो. त्या शांततेत घरामागे कळकाची, बांबूची बेटं जळून तडतडताना सगळ्यांना ऐकू आली.

हैबतराव पांढरे पडले. देवू मला टाकून आत शिरला आणि सगुणाबाईला तान्ह्यासकट बाहेर घेऊन आला. अर्धं घर जळालं. माणसं वाचली.

सगुणाबाईने विचारलं, "देवूदादा, भ्याव न्हाई वाटलं?"

"लई वाटलं, बाय. पर रोज सकाळी देवापुढं तुमच्या घरासाठी हात पसरतुया. मंग ते जळताना वरनं बगत कसा बसू?"

हैबतरावांनी ते ऐकलं. नवं कातडं त्यांनीच आणून दिलं, मान वर न करता.

मित्रांनो, वाद्यांना जपा. फाटलेलं कातडं बदलता येतं, तरी कोयता चमकला की मी अजून खुंटीवर अंग चोरतो. पण माणसांना त्याहून जपा. कुणी कापत कापत तुमच्या दाराशी आला, तर हात उगारण्याआधी त्याचं ऐकून घ्या. तो तुमच्याचसाठी आलेला असेल.