शिवकन्येनं भरलेली नावं

भिवराबाईंनी डेअरीत दुधाची किटली रिकामी केली. पडद्यावर फॅट आलं, लिटर आलं, पण मशीन काही बोललं नाही.

"आज बोलली न्हाई ती," भिवराबाई म्हणाल्या.

"आवाज कमी झाला असंल, मावशी," डेअरी चालवणारा धोंडीराम म्हणाला.

"म्हातारी झाले मी. बहिरी न्हाई झाले."

धोंडीरामनं स्पीकरची वायर काढून पुन्हा लावली. रांगेतला मागचा आला, त्याचंही दूध मुक्यानंच मापलं गेलं.

वाचता न येणाऱ्यांना आपलं दूध आपल्याच नावावर पडलं हे कळावं, म्हणून दूध घालणाऱ्या प्रत्येकाचं नाव धोंडीरामच्या बायकोनं, शिवकन्येनं, माइकवर भरलं होतं. गेल्या पोळ्याच्या आधी ती काविळीनं गेली. तरी कडा गावाजवळच्या त्या डेअरीत रोज दोन्ही वेळा ती गावाला हाका मारत होती. शहादेवाची सून भिऊन तिन्हीसांजेला एकटी यायची बंद झाली. आवाज काढून टाक, असं चार जणांनी सांगून पाहिलं. धोंडीरामनं ऐकलं नाही. दूध संघानं नवा कॉम्प्युटर देऊ केला, तोही त्यानं घेतला नाही. बायको त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात आहे, असंच तो धरून चालला होता. वीज कडाडली की घरच्या टीव्हीच्या आधी त्याच्या वायरी काढायचा.

त्यानं संघाच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघणाऱ्या प्रवीणला फोन लावला.

"डबा चांगला हाय, काका. पुण्याचा सर्व्हर बदललाय."

"मंग यातली नावं कुठं गेली?"

"त्यात नव्हतीच कधी. तुमी नंबर टाकला की तुमचा कॉम्प्युटर नेटवरून पुण्याला नाव मागतो. तिकडून नाव येतं, आवाज येतो, वाजतो. झालं. इकडं काय उरत न्हाई."

"म्हंजी वर्षभर ती पुण्याहून बोलायची?"

"तसंच म्हणा."

"मंग तिथं असंल की."

"दुधाचा हिशेब नव्या सर्व्हरवर घेतला. आवाज न्हाई घेतले. जुनं सगळं पुसलं, काका. मला ठावं असतं तर..." तो म्हणाला, "तुमीच भरा आता नव्यानं."

धोंडीराम बराच वेळ त्या डब्यावर हात ठेवून बसला. डबा नेहमीसारखाच गरम होता.

दोन दिवस रांगेत नुसती कुरकुर. मग त्यानं माइक काढला आणि एकेक नाव भरत गेला.

"आता दोन-दोन धोंडीराम झाले," रांगेतला बंकट म्हणाला. "दूध कमी भरलं तर भांडावं कुणासंगं रं?"

लोक हसले. धोंडीरामही हसला.

शेवटी राहिलं त्याच्या स्वतःच्या गाईचं दूध. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, म्हणून शिवकन्येनं तिथं नुसतं 'आमचं' असं भरलं होतं. सगळ्यांची मापं झाली की मशीन दर वेळी म्हणायचं, 'आमचं.'

धोंडीरामनं माइक तोंडाशी धरला. आपलं नाव म्हणून पाहिलं, पुसलं. तिचा शब्द म्हणून पाहिला, तोही पुसला.

बाकी सगळ्यांची नावं भरून झाली आहेत. ते एक भरायचं राहिलं आहे.