संघातली शेवटची जागा

त्या हिवाळ्यात ऑलिम्पिक आमच्याच देशात होणार होतं, आणि त्याआधीच्या एका शर्यतीत, कारेत्साच्या उतारावर, माझी मोठी बहीण बुर्गी पात्रता फेरीतच बाद झाली. सोळा जणी पुढे जातात, ती सतरावी आली. खाली पोचल्यावर तिनं स्नोबोर्डावरून पायसुद्धा सोडवले नाहीत. तशीच बर्फात बसून राहिली. मागून येणाऱ्या पोरी तिला वळसा घालून जात होत्या.

बुर्गीचा प्रकार समांतर शर्यतीचा. एक लाल झेंड्यांच्या वाटेनं उतरते, दुसरी निळ्या, मधे बर्फाचा पट्टा. कुणी कुणाला शिवायचं नाही. माझा प्रकार क्रॉस. चौघी एकदम सुटतो. टेकाडं, उड्या, कलती वळणं. पहिल्या दोघी पुढच्या फेरीत, मागच्या दोघी घरी. आमच्यात कोपरं लागतात, बोर्डावर बोर्ड चढतं. आई म्हणायची, "एकीची शर्यत प्रार्थनेला बसल्यासारखी, दुसरीची गोठ्याचं दार उघडल्यासारखी."

बुर्गी चौतीस वर्षांची होती, मी सत्तावीस. जागतिक स्पर्धेत ती दोनदा चौथी आली होती. आमच्या खोऱ्यात चौथ्या नंबराला पत्र्याचं पदक म्हणतात. दुकानात, चर्चबाहेर, बाबा चालवतात त्या डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत लोक हसत हसत विचारायचे, "काय बुर्गी, यंदा तरी पत्रा नको ना?" तीही हसायची. आपल्याच लोकांसमोर, आपल्याच डोंगरात एकदा उतरायचं, मग बोर्ड भिंतीला टांगायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या प्रशिक्षकाचा फोन आला. जानेवारीच्या शर्यतींना तिच्या जागी एक तरुण मुलगी नेणार होते. म्हणजे तिच्या प्रकारातून ऑलिम्पिकची वाट बंद. आई आणि मी शिळ्या पावाचे गोळे वळत होतो. बुर्गीनं फोन ठेवला, हात धुतले आणि आमच्याबरोबर गोळे वळायला बसली. तिसरा गोळा खाली ठेवत म्हणाली, "मी क्रॉसमध्ये येते."

मला आधी थट्टा वाटली. "कशाला? हाडं मोडायला?"

"लहानपणी मी क्रॉसमध्ये तुला हरवायचे."

"लहानपणी तू मला झाडावरही चढवायचीस."

"मी गेबहार्टशी बोलले आहे," ती म्हणाली. "बघतो म्हणाला."

गेबहार्ट आमच्या क्रॉसच्या संघाचा प्रशिक्षक. म्हणजे फोन यायच्या आधीच हिनं माझ्या प्रशिक्षकाला गाठलं होतं. मी हातातला गोळा खाली ठेवला. ऑलिम्पिकला देशातून चार जणी जाणार होत्या. तिघींच्या जागा पक्क्या होत्या. चौथीसाठी माझं नाव सगळे घेत होते, पण अजून ते कुणी लिहिलं नव्हतं.

"चौथी जागा कुणाची आहे, तुला ठाऊक आहे ना?"

"अजून कुणाचीच नाही," बुर्गी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

आई पाणी उकळायला ठेवते म्हणून उठली आणि चुलीपाशीच उभी राहिली.

जानेवारीभर बुर्गी पडत होती. उडीवरून पाठीवर पडायची, टेकाडावर तोंडावर पडायची, उठून पुन्हा वर जायची. संध्याकाळी मांड्या हिरव्यानिळ्या झालेल्या असायच्या. तिला जमणार नाही, याची मला खात्री होती, आणि मी त्या खात्रीच्या आधारावर झोपत होते. मग स्वित्झर्लंडमधल्या एका दुय्यम शर्यतीत ती दुसरी आली. उड्यांवर ती मागे पडत होती आणि वळणांवर सगळ्यांना गिळत होती. इतकी वर्षं तिनं दुसरं केलंच काय होतं? वळणंच घेतली होती.

"उडी शिकवता येते," गेबहार्ट मला म्हणाला. "असं वळण शिकवता येत नाही. झेन्झी, मी आडपडदा ठेवत नाही. दोघींना गुडौरीला नेतो. तिथे जी पुढे, तिची जागा."

"आणि मी वर्षभर जे केलं ते?"

"ते केलंसच. पण ती तुझ्यापेक्षा वेगवान असेल, तर मी वर काय सांगू?"

गुडौरी म्हणजे जॉर्जिया, कॉकेशसचे उघडेबोडके डोंगर. वारा असा की लिफ्ट दोन दिवस बंद. आम्हाला हॉटेलात एकच खोली दिली होती. बहिणी म्हणून कुणी वेगळी मागितलीच नव्हती. खिडकीपाशी बसून बुर्गी बोर्डाची धार घासायची. तो आवाज लहानपणापासून मला आवडायचा. आता दात शिवशिवत होते.

"थांबवशील का?" मी म्हटलं.

तिनं थांबवलं. "झेन्झी, तुझ्याकडे अजून चार वर्षं आहेत. पुढच्या वेळी तू एकतीस वर्षांची असशील. मी नसेन."

"तुझ्याकडे चौदा वर्षं होती. त्यात नाही झालं, यात माझा काय दोष?"

"नाही. तुझा नाही."

"मग मला काय सांगतेस? माघार घेऊ?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस."

ती पुन्हा धार घासायला लागली. खाली जेवणघरात हाफपाइपवाली, बर्फाच्या पन्हाळीत कसरती करणारी पोरं टेबलावर थाप मारत गात होती. त्यांचं गाणं ऐकून मला रडू येत होतं. असा हिवाळा आमच्याही वाट्याला आला होता कधीतरी. बाबांची लिफ्ट बंद झाल्यावर आम्ही दोघी शेवटच्या उतरायचो, एकीच्या मागे एक, आणि जी खाली आधी पोचेल ती दुसरीला स्वयंपाकघरात आधी शिरू द्यायची.

वारा पडला आणि पात्रता फेरी झाली. दोघीही सोळांत आलो. वेळांप्रमाणे चौकड्या लागल्या. फलकावर माझ्या नावाखाली बुर्गीचं नाव होतं. सोबत एक फ्रेंच, एक चेक. गेबहार्टनं टोपी काढली आणि परत घातली. "निदान भांडण लवकर मिटेल," तो म्हणाला.

सुरुवातीचं दार पडलं तशी मी चांगली सुटले. फ्रेंच मुलगी पुढे गेली, मी तिच्या पाठोपाठ. पहिल्या मोठ्या उडीनंतर चेक मुलगी घसरली, तिचा ओरडल्याचा आवाज मागे राहिला. मागून बर्फ कापल्याचा आवाज मात्र जवळ येत होता. मान न वळवताही मला कळत होतं की ती बुर्गी आहे. तिची धार मी अंधारात ओळखली असती.

शेवटच्या डाव्या वळणावर मी आतली कड धरली. बोर्डाच्या रुंदीएवढी फट होती, ती मी बंद करत होते, आणि बंद झालीच होती. तेवढ्यात बुर्गी आत आली. तिच्या बोर्डाचं टोक माझ्या बोर्डाखाली शिरलं. मी उंच उचलली गेले, आणि पडताना बोर्ड बर्फात रुतलं पण अंग फिरत राहिलं. गुडघ्यात ओल्या फांदीसारखा आवाज झाला.

ती दुसरी आली. मी खालची रेषा ओलांडलीच नाही.

मला स्लेजवर बांधत होते तेव्हा गेबहार्ट धावत आला. गुडघे टेकून तोंड माझ्या कानाशी आणलं. "झेन्झी, ऐक. पंच चित्रफीत बघतायत. त्यांना नीट दिसत नाहीये. दोघी आपल्याच, म्हणून दुसरं कुणी तक्रार करणार नाही. तू सांगितलंस तर मी आक्षेप नोंदवतो. मग ती शेवटची धरली जाईल. ती आत आली तेव्हा जागा होती?"

बुर्गी कठड्यापलीकडे उभी होती. चष्मा वर केला नव्हता.

"होती," मी म्हटलं.

"नक्की?"

"होती म्हणते ना. न्या मला."

मला परत देशात आणलं. बोल्झानोच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातले दोन अस्थिबंध तुटलेत, आतली गादीही फाटली आहे. शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी बुर्गी आली. पुढच्या फेरीत ती बाद झाली होती, पण माझ्यापुढे होती. जागा तिला मिळाली होती. संघाचं नवं जाकीट तिनं उलटं करून हातावर टाकलं होतं, अस्तर बाहेर.

"जागा नव्हती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मला दिसत होतं की नाहीये. तरी गेले."

मी पायाखालची उशी सरकवली.

"तू खरं का नाही सांगितलंस?" तिचा आवाज चढला. "सांगितलं असतंस तर मी शेवटची ठरले असते, सुटले असते. हे घेऊन मी आता कुठे जाऊ?"

"तुझ्यासाठी नाही केलं मी. माझा पाय गेला होता. तुझीही जागा गेली असती, तिसऱ्याच कुणाला मिळाली असती, आणि आपण दोघी आईच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो असतो. तेवढं मला झेपलं नसतं."

"मी नाव मागे घेते."

"घेऊन बघ," मी म्हटलं. "मग जन्मात तुझं तोंड बघणार नाही. आता जा. जाऊन उतर."

ती गेली.

ऑलिम्पिकच्या शर्यतीला आईबाबा गेले, निम्मं खोरं गेलं. मी घरी टीव्हीसमोर, पाय पट्ट्यात. माझ्यासोबत थांबू का, असं आईनं विचारलं होतं, मी नको म्हटलं. बुर्गी पहिल्याच चौकडीत होती. सुटताना मागे पडली, मग एकेका वळणाला वर येत गेली. शेवटच्या वळणाला ती तिसरी होती. पुढची मुलगी बाहेर फेकली गेली आणि आत जागा झाली. चांगली रुंद, बैलगाडी जाईल एवढी.

"घुस," मी म्हणाले. मग ओरडले. रिकाम्या घरात मी ओरडत होते, "घुस ना, घुस."

बुर्गी बाहेरूनच गेली. तिसरी आली. बाद.

तेव्हा मला तिचा जेवढा राग आला, तेवढा गुडौरीच्या बर्फात पडल्यावरही आला नव्हता.

ती घरी आली तेव्हा आईनं जवाचं सूप केलं होतं. कुणीच पत्र्याच्या पदकाची थट्टा केली नव्हती, हे बाबांनी दोनदा सांगितलं. मी ताटलीकडे बघत विचारलं, "जागा होती ना?"

"होती."

"मग?"

"माहीत नाही. मनानं गेले होते. अंग गेलंच नाही."

"माझ्या गुडघ्यावरून गेलीस आणि तिथे पोचून सभ्य झालीस?"

"झेन्झी," आई म्हणाली.

"बोलू दे तिला," बुर्गी म्हणाली. मी कुबड्या घेऊन उठायला गेले, एक कुबडी घसरली, आणि आम्ही दोघी एकदम तिच्यासाठी वाकलो. तिनं उचलून दिली. मी घेतली. त्या हिवाळ्यात आमच्यात त्याहून जास्त काही झालं नाही.

मार्च गेला. बर्फ वितळून कुरणं पिवळी उघडी पडली. बुर्गी बाबांच्या लिफ्टवर कामाला लागली. माझा गुडघा एका मर्यादेपुढे वाकत नव्हता, म्हणून दुसरी शस्त्रक्रिया ठरली. बाबांना गाडी चालवायला डोळे साथ देत नव्हते, तेव्हा बुर्गीनंच मला बोल्झानोला नेलं. अर्ध्या रस्त्यापर्यंत आम्ही दुधाबद्दल आणि खचलेल्या रस्त्याबद्दल बोललो.

मग ती म्हणाली, "तू पुन्हा उतरशील का, हे मी डॉक्टरांना विचारणार आहे."

"मी विचारलंय. चालेन, म्हणाले. उतारावर नाही."

"कधी विचारलंस?"

"पहिल्याच आठवड्यात."

म्हणजे ज्या शर्यतीला मी तिला जायला सांगितलं, ती व्हायच्या आधीच मला कळलं होतं की मी पुन्हा उतरणार नाही. तिनं गाडी रस्त्याकडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसली. तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता, खांदे तेवढे हलत होते. मला तिची कीव आली नाही. रागही शोधला, तोही हाताला लागेना. खाली नदीला वितळलेल्या बर्फाचं गढूळ पाणी होतं, भरपूर.

"उशीर होतोय," मी म्हटलं.

तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली.