डावीकडचा आवाज

"डावीकडचा येतच नाय." सखाने कानातला इअरबड काढून काउंटरवर ठेवला. "आणि उजवीकडचा असा, जसा काय माणूस उशीत तोंड खुपसून बोलतोय. पेणला दोन दुकानांत दाखवला. एकानं सांगितलं, नवीन घ्या."

"नवीन कशाला? आधी बघू तरी," हुदा म्हणाली.

रोह्यातलं हे मोबाईलचं दुकान आधी हुदाचा भाऊ फैजल चालवायचा. तो कतारला गेल्यापासून ती एकटीच बघत होती. सखा भोईर तिच्याकडे पहिल्यांदाच आला होता, पण ह्या दुकानासमोरून तो एकोणीस वर्षं रोज जात होता. पेणच्या रामवाडीतून मोटारसायकलने निघायचं आणि रोह्याबाहेरच्या केमिकल कारखान्यात शिफ्टला हजर व्हायचं. आज दुपारची शिफ्ट होती, तीनची. आता साडेबारा वाजले होते.

इअरबड त्याला पोरीने घेऊन दिले होते. अंतरा पुण्याला नर्सिंग शिकत होती आणि दर रविवारी फोन करायची. मागच्या रविवारी ती काहीतरी विचारत राहिली आणि सखा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिला. शेवटी अनिताने, त्याच्या बायकोने, फोन हातातून काढून घेतला. पोरगी विचारत होती, "बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

हुदाने बारीक ब्रशने दोन्ही इअरबडच्या जाळ्या साफ केल्या. मग त्याच्या फोनमध्ये शिरली. फोनचा आवाज वेगळा आणि इअरबडचा वेगळा असतो, दोन्ही जोडणारं बटण तिने आधी बंद केलं, मग चालू केलं. आवाजावरची मर्यादा काढली. डाव्या-उजव्याचा तोल मध्यावर आहे ना ते पाहिलं. शेवटी ब्लूटूथची जोडणी पुसून नव्याने जोडली. प्रत्येक वेळी ती इअरबड पुढे करायची, सखा तो डाव्या कानात घालायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. नाय.

"काढा जरा," ती म्हणाली. स्पिरिटने पुसून तिने तोच इअरबड स्वतःच्या कानात घातला, गाणं लावलं आणि पुढच्याच क्षणी ओढून बाहेर काढला.

"काका, हा पूर्ण वाजतोय. माझा कान दुखला."

"तुझ्या फोनला जोडून बघ."

तिने जोडला. सखाने घातला. पुन्हा काहीच नाही. काउंटरच्या काचेवर टेकलेल्या त्याच्या हाताखाली घामाचा ठसा उमटला होता.

"फोनमध्ये एक तपासणी असते," हुदा सावकाश म्हणाली. "बारीक बारीक शिट्ट्या वाजतात. ऐकू आली की बोट वर करायचं. करू या?"

सखाने रस्त्याकडे पाहिलं. पाहत राहिला. "कर."

उजव्या कानाला त्याने बोट वर केलं, पुन्हा केलं, मध्ये बराच वेळ गेला, मग आणखी एकदा केलं. डाव्या कानाच्या वेळी तो बोट तयार ठेवून, श्वास रोखून उभा राहिला.

"चालू कधी करतेस?"

हुदाने स्क्रीनवरची नजर उचलली नाही. "संपली, काका."

"तुझं यंत्रच भिकार हाय," तो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. तिने विचारलं, "मशीनवर असता काय?"

"कंप्रेसरवर. कानात बोळे घालायचे सांगतात. पण बोळे घातले की मशीनची कुरकुर कळत नाय. मला आधी कळायची. सगळ्या प्लांटात आधी मला."

हुदाने त्या तपासणीप्रमाणे आवाज बसवून दिला, सगळा उजव्या बाजूला ओढला आणि अंतराचा एक जुना निरोप लावला. "बाबा, जेवलात का? आज आम्हाला पहिल्यांदा वॉर्डात नेलं." एकेक शब्द सुटा सुटा आला. सखाने तो तीनदा ऐकला.

"फोनचं भागेल ह्यानं," हुदा म्हणाली. "पण डॉक्टरला दाखवा. फोन दुरुस्त झाला म्हंजे सगळं झालं असं नाय."

"तू कुणाला सांगू नको गो."

"मी कुणाला सांगणार?"

मोटारसायकल चालवताना तो हिशोब मांडत होता. निवृत्तीला अकरा वर्षं. घरी फोनचं काम भागलं. कारखान्यात बोलणाऱ्या माणसाला नेहमी आपल्या उजव्या हाताला घ्यायचं. ओठांकडे लक्ष ठेवायचं. जमेल. गुरुवारचा प्रकार मात्र डोक्यातून जात नव्हता. फोर्कलिफ्ट भोंगा वाजवत मागे येत होती आणि त्याच्या शिफ्टमधल्या सुजयने त्याची कॉलर धरून त्याला बाजूला खेचलं होतं. "लक्ष नव्हतं रे," असं सखाने हसून सांगितलं होतं. सुजय हसला नव्हता.

गेटवर कार्ड लावून तो आत गेला तोच निरोप आला, तीन नंबरच्या टाकीवर या.

टाकीचा तळ आत उतरून साफ करायचा होता. सखा शिडी चढून वर गेला तेव्हा सुजय कमरेला दोर बांधून, तोंडाला हवेचा मास्क लावून तयार बसला होता. चोवीस वर्षांचा पोरगा, गेल्याच महिन्यात बाप झालेला. टाकीच्या तोंडाशी एक माणूस उभा करायचा असतो. आतल्याने हाक मारली, पत्र्यावर ठोकलं, की त्याने दोर ओढायचा आणि माणसं बोलवायची. बाकी त्याला काम नाही. फक्त ऐकायचं.

"सखाभाऊच पाहिजेत मला वर," सुजय म्हणत होता. "त्यांच्याइतका कान कुणाचा नाय."

इंजिनिअर पुष्कर साहेबांनी परमिटचा कागद आणि पेन पुढे केलं. "इथे सही करा, भोईर."

सखाने पेन घेतलं. त्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं. सही मारली की पंधरा मिनिटांचं काम. पंधरा मिनिटांत काय होणार होतं? एकोणीस वर्षांत काही झालं नव्हतं. टाकीचं तोंड डाव्या हाताला होतं. वळून उभं राहिलं तर उजवा कान आत देता आला असता. पण उजव्यालाही किती वेळ बोट वर झालं नव्हतं, हे त्याने स्वतः पाहिलं होतं.

सुजयने मास्कचा पट्टा आवळला आणि पाय आत सोडले.

"थांब," सखा म्हणाला. "वर ये."

"काय झालं?" पुष्कर साहेबांनी विचारलं.

"दुसरा माणूस द्या, साहेब. मला डाव्या कानानं ऐकू येत नाय. उजव्यानं पण कमी येतं."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. "कधीपासून?"

आजच कळलं, असं सांगता आलं असतं.

"लई दिवस झाले," सखा म्हणाला. "सांगितलं नाय."

"तुम्हाला कल्पना आहे ना, हे मला लिहावं लागेल? तपासणी होईल. कंप्रेसरवर परत पाठवता येणार नाही."

"व्हय."

त्याने पेन परत दिलं. साहेबांनी कागदावरचं त्याचं नाव खोडून खाली उभ्या असलेल्या प्रविणचं लिहिलं. प्रविण वर चढला, सही केली, दोर हातात घेतला. सखाला ऑफिसात जाऊन बसायला सांगितलं होतं. तो गेला नाही. शिडी उतरून खाली, उन्हात, कुणाच्या वाटेत येणार नाही असा उभा राहिला आणि प्रविणच्या हाताकडे बघत राहिला. दोर सैल होता. मध्येच ताणला गेला, तेव्हा सखाचा पाय शिडीवर गेला. दोर पुन्हा सैल पडला.

वीस मिनिटांनी सुजय बाहेर आला. मास्क काढून त्याने तोंड पुसलं, शिडी उतरला आणि सखाच्या डाव्या बाजूला येऊन, खाली बघत काहीतरी बोलला. ओठ हलले. आवाज आला नाही.

अशा वेळी सखा हसून मान डोलवायचा. सहा-सात वर्षं तो हेच करत आला होता.

"कळलं नाय," तो म्हणाला, आणि वळून उजवा कान पुढे केला. "परत सांग."