तिची बाटली लवकर पिवळी पडायची

तुम्ही खोटं लिहिलंत, डॉक्टर... बाटली खिडकीच्या उजेडात धरून तो मनातल्या मनात म्हणाला. तळहाताएवढी प्लास्टिकची चपटी बाटली, तिच्या पोटात दोन चमचे गुलाबी पाणी, आणि पाण्याखाली, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही अशी, त्याची मुलगी. ‘पेशी निरोगी. शारीरिक दोष आढळत नाही. व्यायाम वाढवावा.’ तीन वाक्यं, खाली तुमची ऐटबाज सही. तेवढ्याच्या जोरावर उद्यापासून व्यायाम करवून घेणारी दोन माणसं तिला रोज तीन जिने चढायला लावणार, आणि मधल्या पायरीवर ती बसली की म्हणणार, ‘ऊठ, नाटकं पुरे.’

सुट्टीचा दिवस होता. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं, पेशी उबेत ठेवायच्या कपाटांची घरघर तेवढी चालू होती. बावीस वर्षं तो इथं परक्यांच्या पेशींना जेवू घालत आला होता. जुनं पाणी काढायचं, ताजं घालायचं, कपाटाची ऊब सदतीस अंशांवर आहे ना ते बघायचं, आणि घरी जायचं. पाच महिन्यांपूर्वी तिच्या दंडाच्या कातडीचा मसुराच्या डाळीएवढा तुकडा आला, नाव नाही, नुसता नंबर. पण तो तुकडा काढताना तिचा दुसरा हात त्याच्याच हातात होता... नंबर कसला विसरतोय.

तिची बाटली लवकर पिवळी पडायची. पेशी साखर खातात, आंबट टाकतात, आंबट वाढलं की गुलाबी पाणी पिवळं होतं — हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. इतरांच्या बाटल्या दोन दिवस टिकायच्या, हिची एका दिवसात लिंबासारखी. आणि तो खूश व्हायचा! भूक चांगली आहे पोरीला, असं म्हणायचा. बाकीच्यांचं पाणी एक दिवसाआड बदलायचा, तिचं रोज. तेच नेहमीचं, साखरेनं ओसंडणारं पाणी, तुम्हीच सगळ्यांना लावून दिलेलं.

“बाबा, माझ्या पेशी जेवल्या का रे?” घरी गेलं की ती उशीवरून मान न उचलता विचारायची.

“जेवल्या. ताट चाटूनपुसून.”

“मजा आहे बुवा. इथं मला भात कालवायचा कंटाळा, आणि तिकडे बाईसाहेब जेवतायत. लाडावून ठेवलंयस तू त्यांना. जरा उपाशी ठेव, मग कळतील खरे गुण.”

तो हसला होता. काय पण हसला होता!

मग लॅबच्याच कपाटातलं एक जाड पुस्तक घरी नेऊन, शब्दाशब्दाला अडखळत, अकरावी नापास माणसानं तीन आठवडे वाचलं. पेशीला ताकद मिळवायच्या दोन वाटा. एक झटपट — साखर अर्धवट तोडायची, चिमूटभर ताकद घ्यायची, उरलेलं आंबट करून बाहेर फेकायचं. दुसरी आतल्या बारीक बारीक गिरण्यांची. त्या श्वासातली हवा घेऊन तेच दाणे पार पीठ होईतो दळतात आणि कितीतरी पट जास्त ताकद काढतात. शरीर दाणे साठवतं, चरबी साठवतं, कोठारं भरून ठेवतं, पण पीठ साठत नाही. पीठ काही सेकंदांचं. संपलं की पुन्हा दळा, मरेपर्यंत दळा. माझ्या मुलीचं कोठार भरलेलं आहे. ‘अंगानं तर चांगली आहे की,’ तिची आत्या म्हणते. गिरणी बंद आहे, डॉक्टर. पण बाटलीत साखरेचा पूर असला की गिरणी बंद पडलेल्या पेशीसुद्धा झटपट वाटेनं मजेत जगतात. तुम्ही पूर बघितलात आणि लिहिलंत, गिरणी चालू आहे.

पूर मी घातला. रोज. या हातांनी.

हे सांगायला तो गेला तेव्हा डॉक्टरांनी वर न बघताच म्हटलं होतं, “अहो, तुम्ही बाटल्या सांभाळा. निष्कर्ष आम्ही काढू.”

म्हणून तीन दिवसांपूर्वी त्यानं दोन बाटल्यांतली नेहमीची साखर काढून घेतली — एक तिची, एक त्याच्या स्वतःच्या कातडीची, तुलनेसाठी वाढवलेली — आणि दुसऱ्या जातीची साखर घातली. ही साखर झटपट वाटेनं तोडून हाती काही उरत नाही. जगायचं तर गिरणी चालवावीच लागते.

आधी त्यानं स्वतःची बाटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पेशी लांबट, मासोळ्यांसारख्या, तळाला घट्ट चिकटलेल्या. निर्लज्ज. मग तिची... गोल झाल्या होत्या. तळ सोडून, एकेक करून, पाण्यात तरंगत होत्या.

“मेल्या!” तो मोठ्यानं म्हणाला. आणि त्याला आनंद झाला. स्वच्छ, पोटातून आलेला आनंद, आणि तो आपल्यालाच झालाय हे कळायला त्याला एक क्षण लागला.

आज तो घरून निघताना मुलीनं आरशासमोर कंगवा खाली ठेवला होता. “अर्धी वेणी झाली. उरलेली तू आल्यावर.” तिची आई अशीच... कपडे वाळत घालता घालता दोरीखालीच बसायची. पुस्तकात एक ओळ होती, ती तो तीन आठवडे ओलांडून पुढे जात होता. या गिरण्या बापाकडून येत नाहीत. फक्त आईकडून. सात वर्षांपूर्वी गेली ती. तिची बाटली कुठल्याच कपाटात नाही. चार पाहुण्यांसमोर, हसत, तो तिला म्हणाला होता, “उठा राणीसरकार, नाटकं पुरे.” तीही हसली होती, आणि भिंतीला धरून उठली होती.

कोपऱ्यात आठ-दहा पेशी अजून तळाला धरून होत्या. गोड पाणी हाताशीच होतं. चमचाभर घातलं तर तगतीलही, पण मग पुरावा जाईल. त्याचा हात त्या पाण्याच्या बाटलीवर होता, आणि तिथून हलेना.

उद्या नऊ वाजता मी तुमच्या टेबलापुढे येणार, डॉक्टर. यावर औषध नाही असं तुम्ही म्हणाल, ते मी वाचलंय. औषध मागत नाही. तुम्ही शिकलेले आहात, एवढंच सांगा — ‘नाटकं पुरे’ हे एकदा म्हटलेलं परत कसं घेतात? तुम्हाला ते उद्या लागेल. मला सात वर्षांपासून हवंय. सांगा.