पान्याचे ठोके

"पाना ठेवा खाली, नत्थूजी. ठोकायचं काम संपलं आता," अनंतशेठ म्हणाले आणि भिंतीवरच्या नव्या करड्या पेटीचं झाकण त्यांनी लावून टाकलं.

नत्थूजींनी पाना ठेवला नाही. "मंग हमालायले कसं समजन, मशीन बंद झाली म्हणून?"

"पेटी सगळं समजते. लाइनीचा काटा घसरला की कॉम्प्रेसर बंद, वर आला की चालू. फोनची भानगडच नको. तुम्ही दाराशी बसा. आरामाचं काम आहे."

उन्हाळ्यात घरोघरी कूलर सुरू झाले की नागपूरला वीज पुरत नसे. ताण वाढून लाइनीतल्या विजेच्या वारंवारतेचा काटा पन्नास हर्ट्झच्या खाली जाऊ लागला, की वीज कार्यालयातून अनंतशेठांच्या शीतगृहात फोन यायचा. शहर अंधारात जाऊ नये म्हणून इथली यंत्रं तासभर थांबायची. खोल्यांतला गारवा तेवढा वेळ टिकतो, फक्त दारं बंद हवीत. म्हणून यंत्रं बंद करण्याआधी नत्थूजी पाइपावर पान्याचे तीन ठोके देत. ठोके ऐकले की हमाल हातातलं खोकं असेल तिथे टाकून दार लोटायचे. घरी जेवताना नत्थूजी बायकोला सांगत, "सुभद्रा, तुहा पंखा आज माह्याच भरोशावर फिरला." तीही पदराआड हसायची.

आता ते दाराशी बसू लागले.

"मजा हाय गा नत्थूभाऊ, खुर्चीवर बसून पगार," बळीराम हमालाने टोमणा मारला.

"खुर्ची कुठी हाय? स्टूल हाय हा."

त्या सोमवारी दुपारी ट्रक लागला होता. दाराला वीट लावून बळीरामची माणसं माल काढत होती. मागच्या खोलीतली घरघर अचानक थांबली. आत हमालांना ते कळलं नाही. खोलीतले पंखे वेगळ्या तारेवर, ते फिरतच होते. शिवाय ठोके पडले नव्हते, म्हणजे मशीन चालू, हीच त्यांची वर्षानुवर्षांची सवय.

नत्थूजींना मात्र कळलं. 'दार लावा रे' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. मग आठवलं, पेटी सगळं समजते. समजू दे, असं मनाशी म्हणत त्यांनी तंबाखू मळायला घेतली. ऊन सरकत दारातल्या खोक्यांवर आलं. ती बायजाबाईची संत्री होती. गांधीबागेच्या कोपऱ्यावर विकायला बसणाऱ्या त्या बाईने, लग्नसराईत भाव येईल म्हणून, नत्थूजींच्या शब्दावर ती ठेवली होती. त्यांनी खोक्यांकडे पाहिलं आणि मान वळवली. काटा वर यायला दिवस कलला.

घरी त्यांनी ताट सरकवलं. सुभद्राचा सोमवार होता; ते जेवल्याशिवाय ती उपास सोडत नसे. "काहून, बरं नाही वाटत?" तिने विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले. तीही पाणी पिऊन निजली.

आठवडा उलटायच्या आत संत्र्यांना बुरशी आली. अनंतशेठांनी दार उघडं टाकल्याबद्दल बळीरामला कामावरून काढलं. तो जाताना नत्थूजींपाशी थांबला. "ठोके नाही ऐकू आले गा," एवढंच बोलला.

बायजाबाई शीतगृहाच्या अंगणात बसून सडकी संत्री वेगळी करत होती. मधेच ती पदरात चार-पाच घेऊन आली आणि तिने ती नत्थूजींच्या मांडीवर ओतली.

"लेकरायले दे, नत्थूभाऊ."

"राहू दे वं बाई. तुह्याच नुकसानीचं..."

"घे गा. तू दारावर होता म्हणून एवढी तरी वाचली."

ती पुन्हा खोक्यांवर वाकली. नत्थूजी स्टुलावर बसून राहिले. मांडीवर संत्री होती, आणि हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं.